डोक्यावरून जाणारे विमान

मराठीत ‘डोक्यावरून जाणे’ हा वाक्प्रचार न समजण्याच्या अर्थाने रूढ आहे. शहापूर तालुक्यातील खर्डी, आटगाव, कसारा या पट्ट्यात विमानाच्या बाबतीत तो दोन्ही अर्थांनी खरा ठरतो. मुंबईकडे येणारी-जाणारी विमाने या गावांच्या माथ्यावरून जातात. शाळेच्या पटांगणातील मुले मान वर करून पाहतात आणि आवाज डोंगरापलीकडे विरला की पुन्हा खेळाला लागतात. ते यंत्र हवेत कशाच्या आधारावर राहते, कशाने वळते आणि कशाने उतरते, हा प्रश्न सहसा वर्गातही निघत नाही आणि घरीही नाही. विमान ही आपली वस्तूच नव्हे, ती मोठ्या शहरांची, मोठ्या माणसांची आणि मोठ्या विद्वत्तेची, असे आपण मनोमन ठरवून टाकले आहे. हा समज चुकीचा तर आहेच, पण तो महागही पडतो आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, तीनशे प्रवाशांचे जेट विमान एका लेखात समजावून देण्याची ही खटपट नाही. ज्याला रेल्वे समजून घ्यावयाची असेल त्याने आधी वाफेच्या इंजिनाचे तत्त्व पाहावे, तसेच विमान समजून घेणाऱ्याने आधी लहान विमानाकडे वळावे. अमेरिकेने २००४ साली ‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ असा हलक्या विमानांचा स्वतंत्र वर्ग केला. दोन आसने, एक इंजिन आणि जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे माणसे व इंधन धरून एकूण वजन फार तर ६०० किलो, अशी त्याची मूळ व्याख्या होती. २०२५ मध्ये तेथील नियम बदलून या मर्यादा बऱ्याच सैल करण्यात आल्या. तरी हलके विमान म्हटले की जाणकारांच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते ते हेच. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने, म्हणजे ‘एनएएल’ने, तयार केलेले ‘हंस’ हे दोन आसनी विमान वजनाने याहून किंचित भारी असले तरी जातकुळी तीच. ‘हंस-३’ला २००० साली मान्यता मिळाली आणि त्याची सुधारलेली आवृत्ती ‘हंस-एनजी’ ३ सप्टेंबर २०२१ रोजी प्रथम उडाली. सहाशे किलो म्हणजे जवळजवळ एका रिकाम्या मारुती ८०० मोटारीचे वजन. ही तुलना मनात ठेवली की निम्मी भीती तेथेच गळून पडते.

पंख आणि हवा

आता हे सहाशे किलो हवेत राहतात कसे? अशा विमानाच्या पंखांचे क्षेत्रफळ साधारण बारा चौरस मीटर असते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पन्नास किलोंचा भार येतो. आपल्या डोक्यावरची हवा दर चौरस मीटरवर दहा हजार किलोंहून अधिक भाराने सतत दाबत असते, हे शालेय पुस्तकात असते. तेव्हा पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंच्या दाबात अवघ्या अर्ध्या टक्क्याचा फरक पडला की विमान तरंगते. विमानाला आकाशात धरणारी शक्ती प्रचंड नाही. ती एका विशाल शक्तीतील लहानशी तफावत आहे. हा हिशेब नववीचा विद्यार्थी फळ्यावर करू शकेल.

ही तफावत निर्माण होते ती पंखाच्या आकारामुळे आणि वाऱ्याशी त्याने केलेल्या लहान कोनामुळे. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. पंखावरची हवा लांबचा रस्ता खालच्या हवेइतक्याच वेळात कापते म्हणून उचल मिळते, असे स्पष्टीकरण काही पुस्तकांत आजही आढळते. ते बरोबर नाही. वरची आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचते असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. शिक्षकांनी हे एवढे जरी दुरुस्त केले तरी पुष्कळ होईल.

संक्रांतीचा पतंग उडवणाऱ्या मुलाला कोनाचे हे रहस्य हातानेच कळलेले असते. तो कोन वाढत जाऊन पंधरा अंशांच्या आसपास गेला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते आणि उचल एकाएकी ढासळते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही पंख असा हतबल होऊ शकतो. अशा वेळी नाक वर खेचण्याचा मोह आवरून ते खाली करावे लागते. पडत असताना खाली झुकावे, हे मनाला पटत नाही. पण विद्या आणि सहजप्रवृत्ती यांतील अंतर ते हेच.

इंजिन, इंधन आणि वीज

खर्डीच्या नाक्यावर रिक्षा किंवा मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरापुढे हलक्या विमानाचे इंजिन ठेवले, तर तो त्यातील बहुतेक भाग नावानिशी ओळखेल. जगातील असंख्य हलक्या विमानांत ऑस्ट्रियात बनणारे ‘रोटॅक्स ९१२’ जातीचे इंजिन असते. ‘हंस-एनजी’तही त्याच घराण्यातले आहे. त्याचे चार सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. सिलिंडरांना वारा थंड करतो आणि त्यांच्या माथ्यांना पाणी. त्याचा शंभर अश्वशक्तीचा प्रकार मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत फिरतो. परंतु पंखा थेट त्या वेगाने फिरवता येत नाही. पावणेदोन मीटरांच्या आसपास व्यासाचा पंखा ५,८०० फेऱ्यांनी फिरला तर त्याची टोके ध्वनीच्या वेगाला मागे टाकतील, आवाज कानठळ्या बसवील आणि शक्ती वाया जाईल. म्हणून मध्ये दातेरी चाकांची पेटी बसवून फेऱ्या सुमारे २,४०० वर आणल्या जातात. सायकलच्या पुढच्या व मागच्या दातेरी चाकांचे जे गणित, तेच येथे उलट्या दिशेने मांडलेले आहे.

इंधनाची व्यवस्थाही अशीच ओळखीची आहे. टाक्या बहुधा पंखांत असतात. पंख वर असेल तर पेट्रोल स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे येऊ शकते. पंख खाली असेल तर पंप हवा आणि तो बंद पडल्यास दुसरा विजेचा पंप हवा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर धार गुडगुडत, अडखळत येते. दुसरे भोक पाडले की सुरळीत वाहते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. विमानाच्या टाकीलाही तसेच हवा आत येण्याचे छिद्र असते, आणि ते बुजले तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहू शकते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून त्यात पाणी आहे की काय हे पाहण्याची शिस्त आहे. कोकणासारख्या दमट हवेत आणखी एक शत्रू संभवतो. बाहेर वीस अंश तापमान असले तरी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना इतकी थंडी निर्माण होते की हवेतील बाष्पाचा बर्फ होऊन इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर गरम हवा आत घेण्याची सोय केलेली असते. पण कारण ठाऊक नसेल त्याला उपाय सुचणार कोठून?

वीज बॅटरीतून व जनित्रातून येते. परंतु कार्बोरेटर असलेल्या बहुतेक लहान विमानांत ठिणगी पाडणारी यंत्रणा बॅटरीवर अवलंबून ठेवलेली नसते. बॅटरी संपली, दिवे गेले, रेडिओ मुका झाला, तरी इंजिन चालू राहते. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांचे दोन स्वतंत्र मार्ग. धावपट्टीच्या टोकाशी थांबून वैमानिक एकेक मार्ग बंद करून दुसरा एकट्याने काम देतो की नाही, हे पारखून घेतो.

दिशा आणि नजर

विमान तीन प्रकारे हलते. नाक वर-खाली होते ते शेपटीच्या आडव्या झडपेमुळे, डावी-उजवीकडे फिरते ते शेपटीच्या उभ्या सुकाणूमुळे आणि एका कुशीवर कलते ते पंखांच्या टोकांकडील झडपांमुळे. वळण घ्यावयाचे तर विमान कलवावे लागते, जसा सायकलस्वार वळणावर आत झुकतो. या झडपांना हातातील दांड्याशी व पायांखालील पट्ट्यांशी जोडणाऱ्या तारा सायकलच्या ब्रेकच्या तारेच्याच थोरल्या बहिणी होत. उतरताना पंखांच्या मागच्या कडेचे ‘फ्लॅप’ खाली केले की कमी वेगातही उचल टिकते. खाली तीन चाके आणि बहुधा मोटारसायकलसारखे डिस्क ब्रेक. काही विमानांत संपूर्ण विमानालाच खाली आणणारी मोठी हवाई छत्रीही असते.

उपकरणांपैकी दोन महत्त्वाची केवळ हवेच्या दाबावर चालतात. पुढे तोंड असलेली एक बारीक नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते आणि त्यावरून वेग कळतो. बाजूच्या छिद्रातून स्थिर हवेचा दाब घेतला जातो आणि त्यावरून उंची कळते. कसाऱ्याहून इगतपुरीस जाताना गाडी सुमारे तीनशे मीटर चढते. तेवढ्यात हवेचा दाब तीन-साडेतीन टक्क्यांनी उतरतो. उंचीमापक हाच उतार मोजतो. मात्र कुंभारीण माशीने त्या नळीत मातीचे घर केले तर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. त्या अपघातात वेगमापकाची नळी अशीच बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. उभ्या विमानाच्या नळीवर टोपण घालावे आणि उडण्यापूर्वी ते काढावे, हा क्षुल्लक वाटणारा नियम त्यामुळे क्षुल्लक राहत नाही.

घाटाने शिकवलेला धडा

या सर्व यंत्रणांतून एक सूत्र निघते. प्रत्येक भाग केव्हा ना केव्हा बिघडणार हे गृहीत धरावयाचे आणि बिघडल्यावर काय, याची तजवीज आधीच करून ठेवावयाची. खर्डीकरांना हे सूत्र नवे वाटू नये. सदतीसास एक असा चढ असलेल्या कसारा घाटात गाडीला मागून जादा इंजिने लावतात. उतारावर ताबा सुटलेल्या गाडीला अडवून घेण्यासाठी चढाचे वेगळे रूळ ठेवलेले आहेत. रेल्वेतील नोकरदारांच्या घरांतून ही शिस्त अंगवळणी पडलेली आहे. विमानविद्या म्हणजे त्याच शिस्तीचे आकाशात चढलेले रूप होय.

आणि शिस्त सुटली की काय होते, याची खूणही फार दूर नाही. मुरबाडहून नाणेघाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख लागतो. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे जेट विमान तेथील डोंगरावर आदळले आणि आतील ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशा चुकीच्या समजुतीने वैमानिकांनी विमान वेळेआधीच खाली आणले होते. यंत्र धडधाकट असतानाही स्थान आणि उंची यांचा मेळ चुकला, एवढे कारण पुरे झाले.

न समजण्याची किंमत

यावर कोणी म्हणेल, हे वैमानिकांनी जाणावे, शिक्षक-कारकुनांना त्याचे काय? त्याचे उत्तर १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेने दिले आहे. लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ माणसे दगावली. त्यानंतरचे कित्येक दिवस घातपातापासून ग्रहमानापर्यंत नाना तर्क घरोघर पोचले. जुलैमध्ये प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन सोडणारे-तोडणारे खटके सुमारे एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. ते कसे व का झाले, याचा निर्णय त्या अहवालाने दिला नव्हता. हे वाक्य वाचून त्यातले काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही, हे ओळखणारे वाचक आपल्यात किती होते? इंधनाची वाट ज्याला ठाऊक आहे तो नेमका प्रश्न विचारतो. इतरांच्या हाती अफवा उरते, आणि अफवांत रमलेल्या समाजाला उत्तर देण्याची घाई कोणत्याही अधिकाऱ्याला नसते.

दुसरी किंमत स्वाभिमानाची आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा महाराष्ट्रात पुन्हापुन्हा सांगितली जाते. तिला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाशी प्राचीन विमानांची कल्पना जोडली जाते, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. हा ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. तळपदे यांच्या जिज्ञासेचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाला पंख कसा काम करतो हे ठाऊक आहे, तो कथा ऐकून पुढचा प्रश्न विचारतो : इंजिन किती शक्तीचे होते, वजन किती होते, तोल कशाने सांभाळला?

अभिमान बाळगावयाचा तर त्यास खरी माणसे आहेत. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. दिशा दाखवणारी आजची साधने त्यांच्यापाशी नव्हती. यंत्रावर आणि स्वतःच्या हिशेबावर विसंबून ते आले. आपल्या काळात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांपुढे आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची अधिकृत नोंदणी झाली. कारखाना नाही, हँगर नाही, अशा स्थितीत त्यांनी जे केले त्यात जादू काहीही नव्हती. वर सांगितलेल्या एकेका यंत्रणेचा उलगडा करून घेणे आणि ती जोडत जाणे, एवढेच होते. तळपद्यांची कथा जितक्या मुलांना पाठ आहे, तितक्या मुलांना यादवांची हकीकत ठाऊक आहे काय?

पाणी आणि विमान

आता सर्वांत रास्त आक्षेप. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि ज्याच्याच पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथे विमानाची चर्चा ही चैन नव्हे काय? पाण्याचा प्रश्न आधी सुटला पाहिजे, यात वाद नाही. पण पाण्याची जलवाहिनी, पंप, दाब आणि झडपा यांचे शास्त्र विमानाच्या शास्त्राहून वेगळे नाही. दाबातील फरकाने काय होते, हे ज्याला कळले त्याला आपल्या गावाची योजना का बंद पडली हेही विचारता येते. अज्ञान हे पाण्याच्या बाबतीत परवडत नाही आणि विमानाच्या बाबतीत चालते, असे म्हणता येणार नाही.

शिवाय हा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. घाटावर नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे ‘तेजस’ या लढाऊ आणि ‘एचटीटी-४०’ या शिकाऊ विमानांसाठी उत्पादनाच्या नव्या शाखांचे उद्घाटन झाले. खर्डी या दोहोंच्या मधल्या लोहमार्गाच्या प्रदेशात आहे. विमानाच्या देखभालीचा अभियंता होण्याची वाट बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितातून जाते; तिची सुरुवात मात्र आठवी-नववीतल्या कुतूहलातून व्हावी लागते. ते कुतूहल वेळेवर जागे झाले नाही, तर विमानतळावर आमची मुले सामान उचलण्याच्या कामाला लागतील आणि विमानाला हात लावणारे दुसरीकडून येतील. सामान उचलण्यात कमीपणा नाही. पण तेवढेच एक दार उघडे असण्यात नक्कीच आहे.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पंखाच्या आकाराची पुठ्ठ्याची पट्टी आणि टेबलपंखा एवढ्या साधनांवर उचल दाखवता येते. यू आकाराची काचनळी आणि रंगीत पाणी घेऊन वेगमापक बनतो. नाक्यावरच्या कारागिराला अर्धा दिवस शाळेत बोलावून जुने इंजिन उघडून दाखवता येईल. शिक्षकाच्या शेजारी तो उभा राहिला तर दोघांचीही प्रतिष्ठा वाढेल. तालुक्यातील शाळांनी एकत्र येऊन ओझरच्या कारखान्याकडे किंवा एखाद्या वैमानिक प्रशिक्षण केंद्राकडे भेटीची रीतसर परवानगी मागावी. नकार आला तर पुन्हा मागावी. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात विमानविद्येवरचे एक तरी सुबोध मराठी पुस्तक असावे, आणि तसे मिळत नसेल तर ते लिहिणे हे येथल्याच एखाद्या विज्ञानशिक्षकाचे काम आहे.

विमान कोणी उडवावे, हा परवान्याचा, पैशाचा आणि संधीचा प्रश्न आहे. तो एका लेखाने सुटणारा नाही. विमान कोणी समजून घ्यावे, याला मात्र परवाना लागत नाही. उद्या खर्डीच्या शाळेवरून विमान जाईल तेव्हा एखाद्या मुलीने शेजारणीला, ‘त्याने फ्लॅप खाली केले असतील काय गं?’ असे विचारले, तर ते विमान त्या दोघींच्या डोक्यावरून गेले, असे कोणी म्हणू शकणार नाही.